सव्वासहापर्यंतचा यमन

१

रविवारी संध्याकाळी साडेसहाला दीनानाथ मास्तर बैठकीच्या खोलीत रक्तबंबाळ सापडले, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला शुक्रा सापडला. झालं! पुढं कोणाला काही विचारायची गरजच वाटली नाही. वीटभट्टीवरचा कातकरी, अंगात फाटकी बंडी, दोन्ही हात रक्तानं माखलेले, आणि कमरेला खोचलेली मास्तरांचीच वस्तू. शेजारच्या भामाकाकूंनी दारात उभं राहून अशी किंकाळी फोडली की म्हणे तळ्यापलीकडची माणसं धावत आली.

सोमवारी सकाळी आठ वाजता शुक्राची बायको जिजा चौकीच्या पायरीवर बसली होती. बसली कसली, ढकलून बाहेर काढल्यावर जिथं पडली तिथंच राहिली होती. आठ वर्षं ती मास्तरांच्या घरी झाडूपोछा नि भांडी करत होती. पनवेल सारी त्यांना संतूरवाले मास्तर म्हणायची. मांडीवर ती चौकोनी, एका बाजूला निमुळती पेटी घ्यायची, तिच्यावर ताणलेल्या शंभरेक तारा, आणि दोन हातांत अक्रोडाच्या लाकडाची दोन बारीक, टोकाला वळलेली कलमं. त्यांनी तारांवर हलके ठोके द्यायचे. जिजा त्या कलमांना काड्या म्हणायची. मास्तर हसायचे, पण त्यांनी तिला कधी सुधारलं नाही.

आता त्यातलीच एक काडी फौजदार काशिराम घरतांच्या टेबलावर कागदी पुडीत पडली होती.

"साहेब, त्यानं नाय मारला," जिजा पुन्हा आत येऊन म्हणाली. "तो मुंगी पन मारत नाय ओ."

"मग ही त्याच्या कमरेला कुठून आली?" फौजदारांनी पुडी उचलून दाखवली. माणूस वाईट नव्हता, पण रात्रभर झोपला नव्हता. "सव्वासहापर्यंत मास्तर वाजवत होते. शेजारीण सांगते, सारी आळी सांगते. तुझा नवरा भट्टीवरनं सहाला निघाला, भट्टीवाला सांगतो. साडेसहाला तो तिथं सापडला. मधली पंधरा मिनिटं कोणाची? बोल की! चोरी करायला शिरला, मास्तरांनी पकडला, यानं डोकं आपटलं. तीन वाजता कोर्टात उभा करतो. आणि म्हातारा गेला ना, तर मग खुनाचंच कलम लागेल."

गजांआडून शुक्रा बघत होता. ओठ फाटलेला, उजव्या हाताची बोटं सुजून वांग्यासारखी झालेली. जिजा जवळ गेली तसा तो पुटपुटला, "काडीचा बोलू नको. तुला पन आत घेतील."

ती काडी त्याच्या कमरेला कशी आली, हे साऱ्या पनवेलीत दोनच माणसांना माहीत होतं. एक गजाआड होतं, आणि दुसरी स्वतः जिजा.

२

घडलं होतं ते असं. रविवारी दुपारी मास्तर जेवून आडवे झाले होते. जिजा बैठकीची खोली झाडत होती. सतरंजी उचलायला वाकली, पाय मागं घेतला, आणि पायाखाली कट्ट झालं. बघते तो एका काडीचे दोन तुकडे! 

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं सरळ, तुटली म्हणून. अहो, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घरी चांदीचा चमचा सापडेना, तर हिला दिवसभर अंगणात उभी केली होती. संध्याकाळी चमचा उष्ट्या भांड्यांत सापडला, पण त्या आळीत हिला पुन्हा काम मिळालं नाही. तिनं दोन्ही तुकडे पदरात बांधले आणि तडक गाढी नदीकाठची भट्टी गाठली. लाकडाच्या कामाला शुक्राचा हात चांगला. त्यानं राळ तापवली, तुकडे जोडले, वरून धागा आवळून गुंडाळला आणि काडी विटांच्या थरावर सुकत ठेवली. रविवारची शिकवणी सकाळी, पण स्वतः वाजवायला मास्तर दिवेलागणीनंतरच बसत. त्याआधी जायचं, खिडकीतून हात घालून काडी सतरंजीवर ठेवायची नि परत यायचं. एवढंच ठरलं होतं. खिडकीत हात घालताना शुक्राला मास्तर पडलेले दिसले. दुसरा कोणी असता तर पळाला असता. हा आत धावला!

चौकीतून जिजा निघाली ती थेट मास्तरांच्या घरी. मास्तरांच्या पत्नी सुमतीबाई शनिवारपासून मोऱ्याला बहिणीकडे गेलेल्या, त्यांना निरोप गेला होता. किल्ली भामाकाकूंकडे होती.

"तू? लाज नाही वाटत?" भामाकाकू दारातच कडाडल्या.

"काकू, बाई येतील. त्यांनी ते रगत बघावं काय? मला पुसू द्या, मंग हाकला."

काकू विरघळल्या. जीभ तिखट, पण बाई मनानं मऊ होत्या. एरवी याच भामाकाकू संतूरच्या आवाजावरून मास्तरांशी कडाकडा भांडायच्या, शनिवारी तर "फोडून टाकीन ती पेटी एक दिवस" इथपर्यंत गेल्या होत्या. जिजाला ते आठवलं आणि फडकं पिळता पिळता तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून काकूंकडे पाहिलं. पण काकूंनी कोपऱ्यातलं दुसरं फडकं उचललं होतं. तिच्याशेजारी बसून त्याही फरशी पुसायला लागल्या होत्या.

"काल काय झाला, काकू?"

"काय व्हायचंय! टीव्हीवर सिनेमा लागला आणि इकडं मास्तरांचं सुरू. सत्यजीतनं बाहेर पडून फाटक लावलं, मला म्हणाला, 'काकू, गुरुजी बसलेत, त्यांना हाक मारू नका,' आणि लगेच टणटण टणटण! साडेपाच झाले होते, दिवेलागणीही नव्हती. आणि काल तर अगदी कानात ठोकल्यासारखं."

"लगेच? आदीची टुकटुक नाय झाली?"

ही टुकटुक जिजाच्या ओळखीची. मास्तरांना राग बदलायचा झाला की लहान हातोडीसारख्या चावीनं एकेक खुंटी पिळत, तार ठोकून बघत. तास तास चालायचं ते. तेवढ्यात जिजाची सगळी भांडी होत.

"काल कुठली टुकटुक?" काकू म्हणाल्या. "एकदम वाजायलाच लागलं. आणि सव्वासहाला बंद. ऐन जोरात असताना मधेच तुटलं गं! शेवट नाही, काही नाही. तेव्हाच त्यानं..." काकूंनी पदर तोंडाला लावला.

फाटक वाजलं. सत्यजीत आला होता, मास्तरांचा आवडता शिष्य. चोविशीतला, गोरा, काल रात्रीपासून दवाखान्यात बसलेला, डोळे लाल. खांद्याला ती नेहमीची शबनम पिशवी. जिजाला बघून तो थबकला.

"दादा, तुमी निघाला तवा मास्तर बरे होते ना?" जिजानं हात जोडून विचारलं.

"बरे होते म्हणजे? चांगले यमन वाजवायला बसले होते! माझ्यादेखत त्यांनी दोन्ही कलमं हातात घेतली." त्याचा आवाज चढला. "आणि तुझ्या नवऱ्यानं एका कलमासाठी... आहे काय त्यात? लाकडाचा तुकडा! मी सहाला वाचनालयात पेपर वाचत होतो, जिजा. तिथं धावत येऊन मला सांगितलं लोकांनी. ते ऐकून मला काय झालं असेल?"

जिजाचे हात बादलीत होते ते तसेच राहिले. माझ्यादेखत दोन्ही कलमं? साडेपाचला? त्या वेळी एक काडी भट्टीवर विटांच्या थरावर सुकत होती!

हा माणूस खोटं बोलत होता. आणि त्याला खोटं पाडायचं तर जिजाला स्वतःला चोर म्हणून उभं राहावं लागणार होतं.

३

बारा वाजले. मग साडेबारा. सत्यजीत पुन्हा दवाखान्यात गेला. जिजा पुसलेलीच फरशी परत पुसत होती, कारण हात थांबले की डोक्यात तीनचे टोले पडायला लागत. खोटं का बोलला? काडी नव्हती, तर मग वाजवलं कोणी? साऱ्या आळीनं ऐकलंय. काकूंनी ऐकलंय. बिनकाडीचं संतूर वाजेल कसं? तिला रडूच कोसळलं. आठ वर्षं ऐकतोय म्हणून काय झालं, आपल्याला काय कळतंय यातलं, असं तिला वाटायला लागलं.

नाक पुसायला मान वर केली तेव्हा तिला टेपरेकॉर्डर दिसला. खिडकीशी, फळीवर, उघडा.

उघडा कसा? रविवारी दुपारी पुसून तिनंच त्याच्यावर सुमतीबाईंनी विणलेलं झाकण घातलं होतं. रोज घालायची. आता झाकण फळीमागं बोळा होऊन पडलं होतं. मास्तर तर त्या झाकणाची घडी करून ठेवणारे. जिजा उठून जवळ गेली, पण तिनं हात लावला नाही. आपला हात कशालाच लागलेला बरा नाही, एवढं तिला आता कळलं होतं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. सुमतीबाई आल्या. मोऱ्याहून एसटीनं येऊन, आधी दवाखाना करून आलेल्या. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. जिजाला बघून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तू इथं?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरात?"

"बाई, ते कसे हायत?"

"शुद्ध नाही. डॉक्टर काही सांगत नाहीत. जा तू, जिजा. आत्ता माझ्यासमोर नको."

जिजा दाराकडे गेली. उंबऱ्यापाशी पाय अडले. बाहेर गेली तर शुक्रा गेला. आत राहिली तर कदाचित दोघंही जाणार. तिनं देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, तेवढा वेळच नव्हता.

"बाई, काडी माझ्या पायाखाली तुटली," ती एका दमात म्हणाली. "शुक्रानं नाय चोरली. मी नेली. रयवारी दुपारी पदरात बांधून नेली, त्यानं भट्टीवर सांधली, आनि गुपचूप ठेवायला आला. मला मारा, पोलिसांना द्या, पन पयला ऐका. काडी दुपारपासनं आमच्याकडं व्हती. मंग मास्तरांनी वाजवला कशानं?"

सुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खोलीकडे. सतरंजीवर संतूर होतं आणि त्याच्या शेजारी एकच कलम.

"दुसरी जोडी असेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मान हलवली. "नाही. ह्यांना एकच जोडी. गुरूंनी दिलेली. शिष्याचं कलम ते हातात घेत नाहीत."

"सत्यजीतदादा बोलला, यमन वाजवत व्हते. दोनी काड्या घेऊन."

"यमन?"

बाई खाली बसल्या. आयुष्यात त्यांनी कधी संतूर वाजवलं नव्हतं, पण तीस वर्षं या खोलीच्या भिंतीपलीकडे पोळ्या लाटल्या होत्या. त्यांनी नखानं एक तार छेडली. मग तिच्या पुढची. मग आणखी एक. चौथ्या तारेवर त्यांचं बोट थांबलं.

"जिजा," त्या म्हणाल्या, "किती वाजले?"

"दीड."

"चल. चौकीत."

४

"बाई, तुम्ही धक्क्यात आहात," फौजदार घरत म्हणाले. "आणि ही तिच्या नवऱ्यासाठी वाट्टेल ते सांगेल."

"तुम्ही ती पुडी उघडा," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून घरातलं दुसरं कलम काढून टेबलावर ठेवलं. "शेजारी शेजारी ठेवा."

फौजदारांनी पुडी सोडली. घरातलं कलम गुळगुळीत होतं. पुडीतल्या कलमाला मध्यावर करकचून धागा गुंडाळलेला.

"मला वाटलं, हे असंच असतं," घरत म्हणाले. "पंचनाम्यात लिहिलंय मी, धागा गुंडाळलेली काठी."

"म्हणजे तुमच्या हाती आलं तेव्हाच ते सांधलेलं होतं. धागा सोडा."

त्यांनी टाचणीनं धागा सोडला. आतली राळ दगडासारखी घट्ट झाली होती, आणि तिच्यात लालसर माती अडकली होती.

"भट्टीची माती हाय ती, साहेब," जिजा म्हणाली. "विटांवर सुकत ठेवली व्हती. शुक्रा सहापतोर भट्टीवरच व्हता, तुमीच बोलला. म्हंजे काडी सहाच्या आदी भट्टीवर. आनि मास्तर सव्वासहापतोर वाजवत व्हते. दोनी खरा कसा असेल?"

घरतांनी तो जोड नखानं खरवडून पाहिला. बाहेर कोर्टात न्यायची जीप येऊन उभी राहिली होती. शिपाई आत डोकावला. त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"कोणाचं तरी दुसरं कलम घेतलं असेल मास्तरांनी," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"घेतलंही असतं," सुमतीबाई म्हणाल्या, "तरी यमन वाजला नसता. सतारीसारखं इथं पडद्यावर बोट सरकवता येत नाही, साहेब. जो राग वाजवायचा त्याच्या सुरांत एकेक तार आधी लावून घ्यायची. रविवारी सकाळी हे भैरव शिकवतात. संतूर अजून भैरवातच लागलेलं आहे. त्यातले रिषभ आणि धैवत कोमल आहेत, यमनाला चालायचेच नाहीत. काल संध्याकाळी त्या संतूरवर यमन वाजलेला नाही."

"अहो, मग वाजलं काय? भूत आलं होतं?"

हे सुमतीबाईंनाही सुटलं नव्हतं. जिजा टेबलाजवळ सरकली. 

"साहेब, टेपवरचा झाकन कोनीतरी काढलाय. रयवारी दुपारी मीच घातला व्हता. आनि काकू बोलल्या, टुकटुक न व्हता एकदम सुरू झाला, मधीच तुटला, शेवट नाय. मास्तर शेवट केल्याबिगर कदी उठत नाय. मानूस मधी तुटत नाय, साहेब. टेप तुटते."

"साडेपाच ते सव्वासहा," घरत हळूच म्हणाले. "पंचेचाळीस मिनिटं. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू!" ते खुर्ची मागं सारून उठले. "जीप वळव रे!"

घरी जाऊन त्यांनी टेपरेकॉर्डरचा आवाजाचा खटका पाहिला. अगदी शेवटपर्यंत फिरवलेला. मास्तर तर कायम दोनच्या पुढं नेत नसत. फळीवरची मास्तरांची कुठलीशी जुनी कॅसेट घालून त्यांनी बटण दाबलं, तसा संतूरचा असा दणका उठला की पलीकडून भामाकाकू हातातला झारा घेऊनच धावत आल्या.

"अगबाई! मास्तर आले? शुद्धीवर आले?"

घरतांनी टेपकडे बोट दाखवलं. "म्हणजे काल मी ऐकलं ते हेच?" काकू म्हणाल्या.

सत्यजीतला दवाखान्यातून आणलं. शबनम उघडायला सांगितल्यावर त्यानं ती छातीशी धरली. आत त्याची स्वतःची कलमं होती, रुमालात बांधलेली, आणि एक कॅसेट. वर मास्तरांच्या अक्षरात 'यमन' लिहिलेलं. लोक मास्तरांना रिक्षात घालत होते, तेव्हा त्यानं ती काढून घेतली होती.

"शिष्यवृत्तीला मी हीच पाठवली होती," तो म्हणाला. "नक्कल करून, माझं नाव घालून. निवड झाली. पण पत्र गुरुजींच्या हातात पडलं. मी खूप विनवलं. ते म्हणाले, उद्या मीच कळवतो. मी फक्त ढकललं हो! खिडकीच्या दगडाचा कोपरा लागला. मला वाटलं, गेले. मग मला काही सुचेना."

"सुचला की," जिजा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "टेप लावायचा सुचला. डाक्टर नाय सुचला? तासभर ते जित्ते पडले व्हते इथं, रगात जात व्हता, आनि तू त्यांचाच वाजवना त्यांना ऐकवत ठेवून पेपर वाचाया गेलास?"

 तीस-चाळीस वेळा तरी या जिजानं त्याला चहा दिला असेल. ती पुढं झाली तशी सुमतीबाईंनी तिचा दंड धरला, नाहीतर तिनं काय केलं असतं कोण जाणे.

घड्याळात पावणेतीन झाले होते.

५

चौकीकडे परत जाताना जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या. जिजा अंग चोरून, कडेला. आता हिशेब व्हायचा तो तिचा होता. शुक्रा सुटेल, पण काम गेलं, पुन्हा एका आळीत नाव गेलं. तेवढ्यावर भागलं तरी पुष्कळ.

"बाई, काडीचा जो दंड असंल..."

सुमतीबाईंनी पर्समधलं ते दुसरं, गुळगुळीत कलम तिच्या हातात दिलं. "बोट फिरव. खालच्या अंगानं."

जिजानं बोट फिरवलं. मध्यावर केसाएवढी रेघ लागली. डोळ्यांना दिसणारही नाही अशी.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या पायाखाली तुटलं," सुमतीबाई म्हणाल्या. "मीही लपवलं होतं. तांदळाच्या डब्यात. तीन दिवस हे शोधत होते, आणि मी शोधायला मदत करत होते! सापडल्यावर इतके हसले, इतके हसले. मग आठवडाभर बसून घासून घासून सांधलं. तुलाही काही बोलले नसते गं. सांगायचं होतंस."

जिजानं ऐकलं. मान हलवली. सांगायचं होतंस. एवढ्यानं झालं असतं? नुसतं सांगून? मास्तर हसले असते, आणि शुक्रा भट्टीवर भाकरी खात बसला असता. चौकी येईपर्यंत ती त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिनं पुसलं नाही. बाईंनीही पुसायला सांगितलं नाही. त्यांचे स्वतःचे डोळे दवाखान्याच्या रस्त्याकडे लागले होते.

शुक्राला बाहेर आणलं तेव्हा त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. फौजदार घरतांनी स्वतःची खुर्ची पुढं केली, पण तो जमिनीवरच बसला. जिजा त्याच्यासमोर टेकली. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि हळूच विचारलं,

"काडी पोचली काय मास्तरांना?"

"पोचली," जिजा म्हणाली.

"रागावले?"

तिच्या मुठीत ते दुसरं कलम अजून होतं. ते तिनं पदराखाली घेतलं.

"थोडे," ती म्हणाली. "पन जोड चांगला बसलाय बोलले." आणि त्याची सुजलेली बोटं तिनं सांभाळून आपल्या हातात घेतली.